तारेवाली कोठी आणि देवयानीची अभ्रिका

लखनौच्या तारेवाली कोठीत आपण मराठी माणसे जातो ती स्टेट बँकेच्या कामापुरती. परंतु या वास्तूचे नाव आकाशातील ताऱ्यांवरून पडले आहे. नवाब नासिरुद्दीन हैदर यांनी १८३१ च्या सुमारास येथे वेधशाळा स्थापिली, लंडनच्या नामांकित कारागिरांकडून उपकरणे मागविली, आणि १८३५ पासून कर्नल विलकॉक्स येथील काम पाहू लागले.

त्या काळी ज्योतिर्विदांपुढे एक कोडे होते. देवयानी तारकासमूहात निरभ्र रात्री नुसत्या डोळ्यांनाही एक धूसर ठिपका दिसतो. अशा सुमारे अडीच हजार अभ्रिका विल्यम हर्शेल यांनी नोंदविल्या होत्या. हे आपल्याच आकाशगंगेतील वायूचे पुंज, की तिच्यापलीकडची स्वतंत्र तारकाविश्वे? आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांना १८४५ साली सहा फुटी आरशाच्या दुर्बिणीतून एक अभ्रिका भोवऱ्यासारखी दिसली, तेव्हा लखनौची वेधशाळाही चालू होती. विलकॉक्स यांचे काम मात्र निराळे, ग्रहताऱ्यांची स्थाने मोजण्याचे. १८४८ साली ते वारले. पुढच्याच वर्षी वाजिद अली शाह यांनी वेधशाळा बंद केली. वेधांचे दप्तर छापले गेले नाही, आणि १८५७ च्या धामधुमीत उपकरणेही गेली. आयुष्य फायलींत काढलेल्या आम्हांस या दप्तरापुढे नवाबांचे तख्तही गौण वाटते, हे कबूल करतो.

पुण्याची गोष्ट थोडी बरी. तेथील सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने १८८८ साली वेधशाळा उभारली. मृगातील अभ्रिकेच्या वर्णपटाचा त्यांनी केलेला अभ्यास १८९१ साली लंडनमध्ये छापून आला. ही वेधशाळाही १९१२ साली बंद पडली, पण छापलेला लेख उरला. मृगाच्या अभ्रिकेच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसतात, म्हणजे ती वायूची. देवयानीचा वर्णपट मात्र ताऱ्यांच्या प्रकाशासारखा. तरीही अंतर कळल्यावाचून निकाल लागेना.

तो लागला १९२३ च्या ऑक्टोबरात. माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचेवर एडविन हबल यांना देवयानीच्या अभ्रिकेत एक रूपविकारी तारा सापडला. अशा ताऱ्याचे तेज ज्या कालाने कमीजास्त होते, त्यावरून त्याचे खरे तेज कळते, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी आधीच दाखविले होते. त्यावरून अंतर निघाले सुमारे नऊ लक्ष प्रकाशवर्षे. आज ते पंचवीस लक्ष मानतात. देवयानी आकाशगंगेबाहेरची ठरली! त्या काचेवर हबल यांनी प्रथम नवताऱ्याची खूण केली होती. मग ती खोडून शेजारी लाल शाईने 'रूपविकारी' अशा अर्थाची अक्षरे लिहिली व पुढे उद्गारचिन्ह घातले. ती काच अजून जपून ठेवलेली आहे.