सायकलची हवा कुठं गेली? सातारा-सांगलीतल्या एका पंपाची गोष्ट

साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात आणि सांगलीत मिरज, हरिपूरच्या रस्त्यांवर हल्ली पहाटे पहाटे सायकलवाले दिसतात. डोक्यावर हेल्मेट, खाली गिअरची सायकल. त्यातले बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात: सोबत नेता येईल असा छोटा पंप कोणता घ्यावा?

उत्तर खाली देतोच. पण त्याआधी दुसरा प्रश्न. आपल्या आजोबांना सायकलवर पंप लागायचा, वडिलांना लागला नाही, आणि आता पोरांना परत का लागतोय? ही गोष्ट हौशी लोकांपुरती नाही. गावातल्या शाळकरी पोरापोरींचीही आहे.

सुरुवात 1888 पासून करू. त्या वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं छोटं दुकान काढलं. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात झाली ती या सायकलच्या दुकानातून. पुढं 1910 साली औंधच्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी कारखाना हलवला. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. तिथं नांगर झाले, नंतर पाण्याचे पंप झाले. आपल्या भागात ‘पंप’ म्हटलं की आजही आधी विहिरीवरचा पंपच आठवतो. पण हा उद्योग उभा करणाऱ्या माणसानं सुरुवात सायकलपासून केली होती, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसतं.

योगायोग बघा. त्याच 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या सायकलींना भरीव रबराचे टायर असायचे. हाडं खिळखिळी व्हायची, पण पंक्चरची भानगड नव्हती आणि पंपाची गरजही नव्हती. हवेचा टायर आला, सायकल मऊ चालायला लागली, वेग वाढला. त्याचबरोबर एक नवीन परावलंबन आलं. हवा गेली की गाडी थांबली.

म्हणून जुन्या सायकलींना पंप जोडलेलाच असायचा. सीटखालच्या नळीला दोन क्लिपा आणि त्यात लांब, बारीक पंप. शेवटी छोटी रबरी नळी. जुन्या घरात माळ्यावर शोधलंत तर अजूनही एखादा सापडेल. ज्याची सायकल, त्याचीच हवा. कारण वाटेत दुसरं कुणी भरून देणारं नव्हतं.

मग स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. 1949 मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, 1951 मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, 1956 मध्ये लुधियानाला हीरो. देशी सायकली येत गेल्या आणि साहेबाची सायकल मास्तरांची, पोस्टमनची, दूधवाल्याची, विट्याच्या मागावर जाणाऱ्या कामगाराची झाली. याच काळात आपले जिल्हेही वेगळे झाले. 1949 ला दक्षिण सातारा निघाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. कागदावर जिल्हे दोन झाले, पण दोन्हीकडचे रस्ते सारखेच. माण-खटावला, आटपाडीला, जतला बाभळीचा काटा आणि सराटा. पंक्चर ठरलेलं.

सायकली वाढल्या तसे सायकल मार्ट वाढले. बाजाराच्या गावात तर असायचेच, पण फाट्यावर, शाळेसमोर, एसटी स्टँडजवळही एखादी टपरी असायची. पाण्याचं घमेलं, त्यात बुडवलेली ट्यूब, सोल्यूशनचा वास, तासावर भाड्यानं मिळणाऱ्या छोट्या सायकली. त्यावर हाफ पायडल शिकलेले कितीतरी जण ही पोस्ट वाचत असतील. आणि टपरीबाहेर उभा पंप. दोन्ही पाय खालच्या पट्टीवर ठेवायचे आणि मारायची हवा. कुठं किरकोळ पैसे पडायचे, कुठं मालक नुसता म्हणायचा, “घे मारून.”

हा पंप होता खासगी दुकानाचा, पण वागणूक पाणपोईसारखी. मैला-दोन मैलांवर हवा मिळायला लागल्यावर सायकलवरचा पंप कशाला बाळगायचा? शिवाय बाजारात गाडी लावली की तो कुणीतरी उचलायचंच. हळूहळू क्लिपा राहिल्या, पंप गेले.

हवेला किंमत होती हे पोलिसांनाही ठाऊक होतं. त्या वेळी नगरपालिका सायकलवर कर घ्यायची, बिल्ला लावावा लागायचा. रात्री दिव्याशिवाय किंवा डबलसीट सापडलं की हवालदार चाकातली हवा सोडायचा, हे आधीच्या पिढीतले लोक आजही हसत सांगतात. पावती न फाडता केलेला दंड! पुढं टपरीपर्यंत सायकल ढकलत न्यायची, एवढीच शिक्षा. टपरी जवळ होती म्हणून ती शिक्षा छोटी होती.

मग मोटारसायकली आल्या. भाड्याच्या सायकली बंद झाल्या. पंक्चरवाले दुचाकी-चारचाकीकडं वळले, कॉम्प्रेसर बसले. त्यात त्यांची चूक नाही, पोट त्यावरच चालतं. पण गावाकडं बघा. आठवी-नववीची पोरं-पोरी वाडीवरून शाळेला अजून सायकलनंच जातात. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या कडेनं जातात. सराटा घुसला की जवळची टपरी आता गावात नाही, हायवेला आहे. सकाळची शाळा बुडते, नाहीतर बाप कामाचा खाडा करून सायकल घेऊन जातो.

“पेट्रोल पंपावर हवा फुकट असते की,” असं कुणी म्हणेल. बरोबर. पंपावर मोफत हवा ठेवणं बंधनकारक आहे, तेल कंपन्यांच्या नियमावलीतच ते आहे. पण इथंच खरी गोम आहे. ती हवा आपल्या साध्या सायकलला बसतच नाही.

कारण वॉल्व्ह. सायकलचे वॉल्व्ह तीन प्रकारचे. पहिला आपला जुना, डनलॉप किंवा वूड्स वॉल्व्ह. आत बारीक रबरी वालटूब असलेला. दुसरा श्रेडर, म्हणजे मोटारसायकलला असतो तसाच जाड. बऱ्याच गिअरच्या एमटीबी सायकलींना हाच असतो. तिसरा प्रेस्टा, बारीक आणि लांब, टोकाला छोटा नट, महागड्या सायकलींचा. पेट्रोल पंपाची नळी श्रेडरसाठी बनलेली. म्हणजे मोफत हवेचा नियम आहे, पण शाळकरी पोराची साधी सायकल तिथं उभी राहून उपयोग नाही.

यावर उपाय आहे तो बोटाच्या पेराएवढा. पितळी अ‍ॅडॅप्टर, किंमत शंभराच्या आतबाहेर. प्रेस्टाला तो बसतोच, आणि डनलॉप वॉल्व्हच्या टोकाचे आटेही बहुतेक वेळा तसेच असल्यानं त्यालाही चालतो. एक काळजी घ्या: सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी आणि कॉम्प्रेसरचा जोर मोठा. एकदम दाबलं तर ट्यूब फुटेल. थोडी थोडी, थांबत थांबत भरायची.

आता छोट्या पंपाचं. दुकानात जाण्याआधी या गोष्टी बघा.

पहिलं, आपला वॉल्व्ह कोणता. पंपाचं तोंड त्याला बसतं का, हे दुकानातच लावून बघा. श्रेडर आणि प्रेस्टा दोन्ही चालणारा पंप घेतला तर घरातल्या सगळ्या सायकलींना चालेल.

दुसरं, टायरच्या कडेवर छापलेला पीएसआयचा आकडा. एमटीबीच्या रुंद टायरला साधारण 30 ते 40 पुरतो, रोडबाईकच्या बारीक टायरला 80 च्या आसपास लागतो. इथं साधं गणित आहे. आतून 20 मिलिमीटर रुंद पंपानं 80 पीएसआयला हवा भरताना शेवटी हातानं सुमारे 18 किलोचा जोर द्यावा लागतो. तोच पंप 30 मिलिमीटरचा असेल तर सुमारे 40 किलोचा. म्हणून बारीक टायरला बारीक पंप, रुंद टायरला जाड पंप. ‘120 पीएसआय’ असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण तो आकडा गाठायला दंडात जोर आपलाच लागतो.

तिसरं, छोटी रबरी नळी असलेला घ्या. थेट वॉल्व्हवर बसणारा पंप जोरात मारताना हलतो आणि वॉल्व्ह वाकतो, ट्यूब मुळाशी फाटते. आजोबांच्या पंपाला ती नळी होती, ती उगाच नव्हती.

चौथं, फार लहानाच्या मोहात पडू नका. तळहाताएवढ्या पंपानं शेकडो वेळा हात मारावा लागतो. वीतभर किंवा थोडा मोठा बरा. बॅटरीवरचे पंप चांगले आहेत, पण चार्ज करायला विसरलात तर ते नुसतं ओझं. सोबत एक जादा ट्यूब नाहीतर पंक्चरचं सामान हवंच. भोक बुजवल्याशिवाय नुसता पंप काय करणार?

ज्याला परवडतं तो पंप विकत घेईल आणि पिशवीत टाकेल. ठीकच आहे. पण वाडीवरच्या पोरीनं काय करायचं? पूर्वी टपरीवाल्यानं जी सोय न बोलता दिली, ती आता कुणीतरी ठरवून द्यावी लागेल. फार खर्चाचं काम नाही. प्रत्येक शाळेत एक उभा पंप आणि पंक्चरचं सामान. प्रत्येक पेट्रोल पंपावर हवेच्या नळीशेजारी साखळीला बांधलेला एक अ‍ॅडॅप्टर. ग्रामपंचायतींनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी मनावर घेतलं तर पुढच्या जूनला शाळा उघडायच्या आत होईल.

आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. शाळेतल्या किती मुलं-मुली सायकलवर येतात आणि हवा भरायला त्यांना किती लांब जावं लागतं, एवढं आधी मोजून न्या. आकडे समोर ठेवले की ‘बघू’ म्हणून विषय टाळता येत नाही.