नऊ वर्षांपासून साठीपर्यंत

१९२९च्या सुमारास डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेलं मूल सरासरी ९ वर्षं जगत असे. १९४९ साली लंडनचे आनुवंशशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोझ यांनी मांडलेला आकडा होता १२. अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदींवरून दिसतं, की १९८३मध्ये यांतली निम्मी माणसं पंचविशीच्या आत गेली होती. १९९७मध्ये ती मधली रेषा एकोणपन्नासाव्या वर्षावर पोचली. आज जिथे चांगली देखभाल मिळते, तिथे साठीची अपेक्षा धरतात. या सगळ्या काळात त्यांच्या पेशींमधलं जादा गुणसूत्र जिथल्या तिथेच राहिलं. ते काढून टाकणारं औषध अजून निघालेलं नाही. मग आयुष्य वाढलं कशाने?

सांगलीत बालरोगतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढताना हा प्रश्न मला सुटला नाही, म्हणून मी त्याचा इतिहास वाचत गेले. माझ्या हाती जे उत्तर लागलं ते असं: इतर मुलांना जे उपचार आधीपासून मिळत होते, ते या मुलांनाही द्यायचे, असं एकेका ठिकाणी कुणीतरी ठरवलं. त्या ठरवण्याचा हा इतिहास आहे.

त्याची सुरुवात लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातल्या अर्ल्सवुड इथल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या आश्रमात होते. १८५८ साली जॉन लँगडन डाउन तिथे वैद्यकीय अधीक्षक म्हणून आले, तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. संस्थेच्या कारभारावर सरकारी निरीक्षकांनी ताशेरे ओढलेले होते. डाउन यांनी मारझोड बंद केली. स्वच्छतेची शिस्त आणली, मुलांना टेबलाशी बसून काट्याचमच्याने जेवायला शिकवलं, हातांना काम दिलं. ते मुलांना नीट तपासत, मोजमापं घेत, फोटो काढून ठेवत. या निरीक्षणांतूनच १८६६ साली या सिंड्रोमचं वर्णन करणारा त्यांचा प्रसिद्ध निबंध लंडन हॉस्पिटलच्या अहवालात छापून आला.

त्या निबंधातली वंशाची कल्पना साफ चुकीची होती. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनी या मुलांना मंगोल वंशाशी जोडलं आणि तो शिक्का जवळपास शंभर वर्षं पुसला गेला नाही. १९६१ साली १९ शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून ते नाव टाकून द्यायला सांगितलं. सही करणाऱ्यांत डाउन यांचा एक नातूही होता. मंगोलियाने विनंती केल्यावर १९६५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ते नाव सोडलं.

पण डॉक्टर म्हणून मी त्या निबंधातल्या बारक्या नोंदींपाशी थांबते. ही मुलं नकला हुबेहूब करतात, त्यांना विनोद कळतो, शिकवलं तर ती शिकतात, हे डाउन यांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचं रक्ताभिसरण मंद असतं आणि उन्हाळ्यात जे कमावलं त्यातलं काही थंडीत गमावतात, हेही. आज ती नोंद वाचताना मला त्यामागे न ओळखलेलं हृदय, न तपासलेला थायरॉइड आणि छातीतला कफ दिसतो. रोज मुलांच्या सहवासात राहणाऱ्या डॉक्टरालाच अशी गोष्ट टिपता येते.

१८६८ साली डाउन आणि त्यांची पत्नी मेरी यांनी टेम्स नदीजवळ नॉर्मन्सफील्ड ही स्वतःची निवासी संस्था काढली. पैसेवाल्या घरांतली मुलं तिथे राहत. तिथे बागा होत्या, कार्यशाळा होत्या, १८७९ साली तर नाट्यगृहही उभं राहिलं. डाउन १८९६ साली गेले. १९०५ साली त्यांच्या मुलाच्या घरी जो नातू जन्मला, त्याला हाच सिंड्रोम होता. तो नॉर्मन्सफील्डमध्येच वाढला. तिथली देखभाल मायेची होती, शिस्तीची होती. पण फुप्फुसाचा जंतुसंसर्ग झाला, तर त्या काळी कुणाच्याच हाती फारसं काही नव्हतं. १९४०च्या दशकात प्रतिजैविकं आली आणि ९चे १२ झाले, पुढेही वाढत गेले.

१९५९ साली पॅरिसमध्ये कारण सापडलं. मार्थ गोतिए या हृदयरोगाच्या डॉक्टर बॉस्टनहून पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून आल्या होत्या. त्रुसो रुग्णालयात जेमतेम साधनांवर त्यांनी प्रयोगशाळा उभी केली आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशींत ४६च्या जागी ४७ गुणसूत्रं मोजली. काचपट्ट्यांचे फोटो काढून आणतो म्हणून त्यांचे सहकारी जेरोम लज्यून त्या घेऊन गेले. शोधनिबंधावर पहिलं नाव लज्यून यांचं आलं, गोतिए यांचं दुसरं, तेही चुकीच्या स्पेलिंगने. २०१४ साली फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नैतिकता समितीने गोतिए यांचा वाटा मान्य केला. लज्यून यांनीही पुढे आयुष्यभर या मुलांची ओपीडी चालवली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. शोध मोठा होता. पण गुणसूत्र मोजल्याने एकाही मुलाचं हृदय दुरुस्त झालं नाही.

आणि खरा प्रश्न हृदयाचाच होता. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. त्यातला सगळ्यांत अवघड दोष म्हणजे हृदयाच्या चार कप्प्यांमधला मधला पडदाच न जुळणं आणि दोन झडपांऐवजी एकच सामायिक झडप असणं. नवजात बाळाच्या छातीवर मी स्टेथोस्कोप ठेवते तेव्हा बऱ्याचदा काहीच ऐकू येत नाही. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या पहिल्या काही दिवसांत आकसलेल्या असतात, दोन्ही बाजूंचा दाब सारखा असतो, रक्त भोकातून उसळत नाही, म्हणून आवाज नाही. सहा आठवड्यांनी आई सांगते, दूध ओढताना दमतो, कपाळावर घाम येतो. श्वास मिनिटाला साठावर गेलेला असतो, बरगड्या आत ओढल्या जात असतात, वजन जागचं हलत नाही. हे दिवस निघून गेले की एक फसवा काळ येतो. श्वास शांत होतो, बाळ जरा बाळसं धरतं. घरचे म्हणतात, आता बरं आहे. प्रत्यक्षात फुप्फुसातल्या वाहिन्या जाड होऊन तिकडचा प्रवाह रोखला गेलेला असतो. पुढे ओठ निळे पडायला लागतात, आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. म्हणूनच आवाज असो वा नसो, अशा प्रत्येक बाळाचा टूडी इको पहिल्या महिन्यातच करायचा आणि असा दोष निघाला तर साधारण सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया उरकायची.

ही शस्त्रक्रिया १९५४ सालापासून होती. मिनिॲपोलिसमध्ये वॉल्टन लिलहाय यांनी ती प्रथम यशस्वी केली. पण डाउन सिंड्रोमच्या मुलांपर्यंत ती सरसकट पोचायला आणखी तीन दशकं जावी लागली. १९८५ सालीसुद्धा ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी अशा मुलांवर ती करू नये, औषधांवरच ठेवावं, अशी बाजू मांडली होती. मी एमडी करत होते त्या काळात आमच्या वॉर्डातही हेच चाले. राउंडला वरिष्ठ केसपेपर चाळत आणि या मुलापाशी आले की म्हणत, हे नाव सर्जरीच्या यादीत घालू नका. बाहेर व्हरांड्यात बाप उभा असे आणि त्याला सांगायची पाळी आम्हा निवासी डॉक्टरांवर येई. यादी लांब होती, जागा थोड्या होत्या, हे खरं. पण नाव का गाळलं याचं कारण हृदयात नव्हतं, चेहऱ्यात होतं. पुढे शस्त्रक्रिया होऊ लागल्या तेव्हा कळलं, की या मुलांत त्यांचे निकाल इतरांपेक्षा वाईट नाहीत. दुरुस्त केलेली झडप पुन्हा उघडून नीट करण्याची गरज तर त्यांच्यात कमीच पडते.

अमेरिकेत हा प्रश्न एका बाळावरून थेट कोर्टात गेला. एप्रिल १९८२मध्ये इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन इथे डाउन सिंड्रोमचं एक बाळ जन्मलं. त्याची अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. हे शस्त्रक्रियेने दुरुस्त होतं. आईवडिलांनी नको म्हटलं, राज्याच्या न्यायालयांनी त्यांचा निर्णय कायम ठेवला आणि सहाव्या दिवशी बाळ उपाशी गेलं. त्यावरून देशभर वादळ उठलं. १९८४ साली कायदा झाला, की केवळ अपंगत्व आहे म्हणून जीव वाचवणारा उपचार रोखणं ही मुलाची हेळसांड समजली जाईल. वरच्या आकड्यांतली पंचविशीवरून पन्नाशीकडची उडी या घटनेनंतरच्या वर्षांतली आहे. त्याचं श्रेय एकट्या कायद्याला देता येणार नाही, पण शस्त्रक्रियेचं दार याच काळात उघडलं.

मुलं जगायला लागली, तसा पुढचा प्रश्न आला: जगलेल्या मुलाला निरोगी कसं ठेवायचं? १९८१ साली वॉशिंग्टनच्या बालमेंदूतज्ज्ञ मेरी कोलमन यांनी एक साधी तपासणी-यादी केली. कोणत्या वयात काय बघायचं, एवढंच तिच्यात होतं. तिच्यासारख्या याद्यांवरून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली आपली मार्गदर्शिका काढली आणि तेव्हापासून ती वेळोवेळी सुधारली. थायरॉइड जन्मतः, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी. डोळे पहिल्या सहा महिन्यांत, कारण मोतीबिंदू जन्मतःच असू शकतो. चार वर्षांच्या आत झोपेची तपासणी, कारण घशाशी जागा अरुंद असते आणि झोपेत श्वास अडतो. रक्ताची तपासणी, कारण ल्युकेमियाचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त. मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून कोलांटउड्या मारण्याआधी विचार.

या यादीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी ओळ कानाची. या मुलांची कानाची नळी इतकी अरुंद असते, की आमच्याकडचं कान तपासायचं सर्वांत लहान नळकांडंही आत जात नाही. मळाने ती चटकन बुजते आणि पडद्यामागे चिकट पाणी साठतं. मूल अर्धवट ऐकतं, उत्तर देत नाही आणि आपण सगळे म्हणतो, त्याला समजत नाही. दर सहा महिन्यांनी ईएनटीकडे सूक्ष्मदर्शकाखाली मळ काढून घेतलेली मुलं वर्षभरात बोलायला लागलेली मी पाहिली आहेत.

मग मुलं मोठी झाली, आणि मोठ्यांसाठी दवाखानाच नव्हता. १९९२ साली शिकागोजवळच्या पार्क रिज इथे तो सुरू झाला, तोही आईबापांनी मागणी केली म्हणून. त्यांची संघटना १९६१पासून काम करत होती. आता त्यांची मुलं तिशी-चाळिशीत पोचली होती. कुटुंबवैद्य ब्रायन शिकोइन आणि मनोसामाजिक काम करणारे डेनिस मॅकग्वायर यांनी एकाच छताखाली शरीर आणि मन दोन्ही तपासायला सुरुवात केली. त्यांनी लिहून ठेवलेली एक गोष्ट मी घरोघर सांगत आले. ही माणसं स्वतःशी मोठ्याने बोलतात. दिवसभरात काय झालं ते मांडून बघतात, राग बोलून मोकळा करतात. बहुतेकदा ते वेडाचं लक्षण नसतं. पण अनोळखी डॉक्टर ते ऐकून वेडाच्या गोळ्या सुरू करतात.

याच्या उलटही घडतं. काहीही बदललं की ‘डाउनमुळेच’ म्हणून सोडून द्यायचं. माझ्याकडे लहानपणापासून येणारी एक बाई पस्तिशीत पोळ्या लाटायची थांबली. आईच्या हाताखाली रोज निगुतीने लाटणारी ती आता कोपऱ्यात बसून राही. नातेवाईक म्हणाले, वय झालं, विसरायला लागली. थायरॉइड फार खाली गेला होता, दोन्ही कान मळाने गच्च होते आणि रात्री झोप होत नव्हती. सगळं एकेक करून निस्तरल्यावर ती पुन्हा ओट्याशी उभी राहिली. स्मृतिभ्रंशाचं निदान सर्वांत शेवटी करायचं, आधी बरं होण्यासारखं सगळं शोधून संपवायचं, हाच मोठ्यांच्या देखभालीचा गाभा आहे.

स्मृतिभ्रंश खराही असतो. अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साचतं, त्याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर, म्हणजे यांच्यात जादा असणाऱ्या त्याच गुणसूत्रावर आहे. म्हणून चाळिशीपर्यंत यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत तो साठा दिसतो आणि पन्नाशीत विसर पडू लागतो. ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी १९८४ साली डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूत हेच प्रथिन ओळखलं आणि अल्झायमरच्या संशोधनाला दिशा मिळाली. हे ज्ञान जगाला या माणसांच्या मेंदूंनी दिलं. त्यावर बेतलेल्या नव्या औषधांच्या मुख्य चाचण्यांत मात्र त्यांनाच घेतलं नाही. १९८५चं ते जुनं गाळणं अजून संपलेलं नाही.

आपल्याकडे शाळा आधी आली. १९४४ साली मुंबईत जय वकील आणि होरमसजी वकील यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी राहत्या घरात वर्ग सुरू केला. तीच पुढे शिवडीची मोठी संस्था झाली. सरकारी आरोग्यव्यवस्थेने मात्र २०१३मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, डाउन सिंड्रोम यादीवर घेतला. आज अंगणवाडीत आणि शाळेत येणारं पथक असं मूल ओळखतं आणि जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतं. हृदयाच्या शस्त्रक्रियेला सरकारी योजनांतून पैसे मिळतात. ज्या बापाला मी व्हरांड्यात नकार कळवला होता, त्याच्यासारख्याच बापांना नंतर मी तारीख मिळालेली पाहिली. हे मोठं काम झालं आहे आणि ते मान्य करायला हवं.

पण हा कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. त्यानंतर आमच्या जिल्ह्यांतली तिशी-चाळिशीची माणसं अजून बालरोगतज्ज्ञाच्याच बाकावर येऊन बसतात, कारण त्यांना ओळखणारा दुसरा डॉक्टर नाही. आईवडील सत्तरीत आहेत. पार्क रिजला जे उभं राहिलं त्याला लागणारी महागडी यंत्रं फारशी नाहीत: थायरॉइडची तपासणी, कानाचा सूक्ष्मदर्शक, इको, एक फिजिशियन, एक मानसतज्ज्ञ आणि घरच्यांचं बोलणं ऐकायला पुरेसा वेळ. यातलं बरंचसं बहुतेक सिव्हिल हॉस्पिटलांमध्ये आजही वेगवेगळ्या खोल्यांत आहे. महिन्यातला एक ठरलेला दिवस द्या, त्या दिवशी हे लोक एका खोलीत बसवा आणि मोठ्यांच्या तपासणीची यादी मराठीत छापून भिंतीवर लावा. या इतिहासात प्रत्येक वेळी आधी असा दिवस आणि अशी यादी कुणीतरी ठरवली, आयुष्य त्यानंतर वाढलं. महाराष्ट्रात ते ठरवणं आता आपल्यावर आलं आहे.