पिठात गुंडाळलेले सॉसेज: एका झटपट खाद्याची पूर्वपीठिका

अमेरिकी घरांत ‘पिग्ज इन अ ब्लँकेट’ या नावाने ओळखला जाणारा पदार्थ, म्हणजे मळलेल्या मैद्याच्या पट्टीत गुंडाळून भाजलेले लहान हॉट डॉग, आज एअर फ्रायरमध्ये आठ-दहा मिनिटांत तयार होतो आणि त्यासाठी पीठ मळणे, ते फुगू देणे किंवा तेल तापवणे यांपैकी काहीच करावे लागत नाही. या सुलभतेचे श्रेय सर्वसाधारणपणे एअर फ्रायरला दिले जाते. वस्तुतः या पदार्थामागचे बहुतेक श्रम त्या यंत्राच्या जन्मापूर्वी कित्येक दशके घरातून कारखान्यात गेलेले होते आणि यंत्राच्या वाट्याला केवळ शेवटची भाजणी उरली होती. त्यामुळे या पदार्थाचा इतिहास शोधताना पाककृतींच्या पुस्तकांपेक्षा कत्तलखाने, पिठाच्या गिरण्या आणि विमानांतील भोजनव्यवस्था यांच्याकडे अधिक पाहावे लागते.

मांस पिठाच्या आवरणात भाजण्याची कल्पना युरोपात जुनी आहे. जर्मनभाषक प्रदेशात सॉसेज पापुद्र्याच्या पिठात गुंडाळून भाजतात, इंग्लंडात मसालेदार खिमा अशाच पिठात भरून केलेला सॉसेज रोल एकोणिसाव्या शतकापासून लोकप्रिय आहे, आणि मोराव्हियातून टेक्सासमध्ये गेलेल्या चेक स्थलांतरितांच्या वंशजांत गोडसर, यीस्टने फुगवलेल्या पिठात सॉसेज घालून केलेला क्लोबास्निक हा पदार्थ रूढ आहे. त्याचे श्रेय वेस्ट नावाच्या गावातील, 1952 मध्ये सुरू झालेल्या व्हिलेज बेकरीला दिले जाते. ब्रिटनमध्ये अमेरिकी पदार्थाच्याच नावाने नाताळच्या मेजवानीत वाढले जाणारे सॉसेज मात्र बेकनच्या, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या, पट्टीत गुंडाळलेले असतात आणि त्यांचा येथील विषयाशी संबंध नाही.

या सर्व प्रकारांहून अमेरिकी पदार्थ वेगळा ठरतो तो त्यातल्या सॉसेजमुळे. हॉट डॉगचे मूळ फ्रँकफर्ट आणि व्हिएन्ना या दोन शहरांत आहे. फ्रँकफर्टमध्ये खाटिककाम शिकलेला योहान गेओर्ग लाहनर याने 1805 मध्ये व्हिएन्नात डुकराचे व गाईचे मांस एकत्र वापरून बारीक वाटलेल्या मांसाचे सॉसेज विकण्यास सुरुवात केली, असे मानले जाते. जर्मन स्थलांतरितांबरोबर हा प्रकार अमेरिकेत गेला, 1870 च्या आसपास चार्ल्स फेल्टमन याने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर तो पावात घालून विकला, आणि 1916 मध्ये त्याच किनाऱ्यावर नेथन हँडवर्कर याने तो फेल्टमनच्या निम्म्या दरात, पाच सेंटला, देऊ केल्यावर तो खऱ्या अर्थाने कष्टकऱ्यांचे खाणे झाला. मांस बर्फ व मिठासह इतके बारीक वाटले जाते की चरबी आणि पाणी एकजीव होऊन गुळगुळीत लगदा बनतो. तो नळीत भरून, धुरी देऊन पूर्ण शिजवला जातो. पूर्ण शिजवलेले असणे हा गुण पुढे फार मोलाचा ठरला, कारण असे सॉसेज घरी केवळ गरम करायचे असते.

सॉसेजची नळी पूर्वी मेंढीच्या आतड्याची असे. आतडी स्वच्छ करणे कष्टाचे, त्यांचा पुरवठा अनिश्चित आणि प्रत्येकाची जाडी निराळी, त्यामुळे एकसारखे सॉसेज काढणे अवघड जाई. शिकागोतील एर्विन फ्रॉइंड याने 1920 च्या दशकात सेल्युलोजची, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंपासून केलेली, कृत्रिम नळी तयार करून व्हिस्किंग कंपनीमार्फत ती बाजारात आणली. मांस आत शिजून घट्ट झाले की ही नळी सोलून टाकता येते आणि उरते ते विनासालीचे, ठरावीक लांबी-जाडीचे सॉसेज. पिठात गुंडाळण्याच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व सहसा लक्षात घेतले जात नाही. आतड्याची साल ताणलेली आणि चिवट असते, चावताना सॉसेज आवरणातून निसटते, तर विनासालीचे मऊ सॉसेज पिठाबरोबर एकाच घासात तुटते.

आवरणाचा प्रश्न मात्र बराच काळ सुटला नव्हता. त्यावरील एक उत्तर जत्रांमध्ये मिळाले. बफेलो येथील स्टॅन्ली जेन्किन्स याने काडीला टोचलेले खाद्य पिठात बुडवून तळण्याच्या उपकरणासाठी 1927 मध्ये अर्ज केला व 1929 मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढे टेक्सासच्या राज्य जत्रेत फ्लेचर बंधूंनी मक्याच्या पिठात बुडवून तळलेले सॉसेज लोकप्रिय केले. हा कॉर्न डॉग. त्याचे पीठ भज्यांच्या पिठासारखे पातळ असते आणि तापलेल्या तेलाचा स्पर्श होताच त्याचे कवच बनते, म्हणून तो कढईशी कायमचा बांधलेला राहिला. हेच ओले पीठ एअर फ्रायरच्या जाळीवर ठेवले तर गोठण्याआधीच ते ओघळते आणि वाऱ्याच्या झोताने विस्कटते.

दुसरे उत्तर केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात सापडले, आणि या सर्व हकिकतीतील सर्वांत कल्पक पाऊल तेच म्हणावे लागते. लाइव्हली विलोबी या बेकरीचालकाने मळलेले कच्चे पीठ बंद नळकांड्यात टिकवण्याची पद्धत शोधली आणि 1931 मध्ये त्यावर पेटंट मिळवले. बेकिंग पावडर घातलेले पीठ ओले झाल्याबरोबर त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटू लागतो आणि असे पीठ ताबडतोब भाजले नाही तर ते बसते, हा बेकरीव्यवसायाचा जुना अनुभव होता. विलोबीच्या पद्धतीत पीठ नळकांड्यात जागा राखून भरले जाते, ते आतच फुगून हवा बाहेर ढकलते, सर्व बाजूंनी दाब निर्माण करते आणि त्या दाबामुळेच त्याचे पुढचे फुगणे थांबते. थंडीत ठेवल्यास ते याच स्थितीत दीर्घकाळ टिकते. नळकांडे उघडताना होणारा फटकन आवाज हा त्या कोंडलेल्या दाबाचा असतो. ही पद्धत लुईव्हिलमधील बॅलर्ड अँड बॅलर्ड या पिठाच्या गिरणीने स्वीकारली आणि 1951 मध्ये मिनीॲपोलिसच्या पिल्सबरी कंपनीने ती गिरणी विकत घेतली. तोवर अमेरिकी घरांत विजेचा फ्रिज सर्रास पोहोचला होता. त्याच्याशिवाय हा शोध दुकानाबाहेर पडू शकला नसता.

पिल्सबरीने 1965 मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या रोलसाठी पापुद्र्याच्या पिठाचे नळकांडे प्रसिद्धीस आणले. त्यातील पीठ आठ त्रिकोणांत आधीच छिद्रांच्या रेषेने विभागलेले असते. एकेक त्रिकोण सुटा करून रुंद कडेपासून टोकाकडे गुंडाळत गेले की आतले सॉसेज झाकले जाते आणि पीठ लाटण्याची किंवा कापण्याची गरजच उरत नाही. त्याच वर्षी शिकागोतील लिओ बर्नेट जाहिरातसंस्थेने नळकांड्यातून बाहेर पडणारा पिठाचा हसरा बाहुला या उत्पादनासाठी तयार केला. लहान मुलांच्या हातांनीही करता येण्याजोगा पदार्थ म्हणून पिठात गुंडाळलेले सॉसेज घराघरांत रुजले, ते या त्रिकोणांमुळे.

भाजणीचे काम तेव्हा भट्टीचे होते आणि भट्टी तापायलाच पुष्कळ वेळ लागे. पंख्याने गरम हवा खेळवण्याची कल्पना आकाशप्रवासाशी निगडित आहे: विल्यम मॅक्सन या अमेरिकी संशोधकाने 1940 च्या दशकाच्या मध्यास गोठवलेली जेवणे विमानात गरम करण्यासाठी ‘व्हर्लविंड’ नावाची पंख्याची भट्टी बनवली. अन्नाभोवती स्थिर हवेचा पातळ थर असतो आणि तो उष्णतेला अडवतो. पंख्याचा झोत हा थर सतत उडवून लावतो, त्यामुळे त्याच तापमानाची हवा अधिक वेगाने उष्णता पोहोचवते आणि पृष्ठभागावरची वाफही वाहून नेते. याच तत्त्वावर नेदरलँड्समधील फ्रेड व्हान डर वाय याने लहान कप्प्याचे उपकरण विकसित केले आणि फिलिप्स कंपनीने 2010 मध्ये ते एअर फ्रायर या नावाने बाजारात आणले. नाव तळण्याचे असले तरी क्रिया भाजण्याचीच आहे. नव्या गोष्टी म्हणजे कप्प्याचा लहान आकार, अन्नाच्या अगदी जवळ असलेला पंखा आणि खालूनही हवा जाऊ देणारी जाळी.

पिठात गुंडाळलेल्या सॉसेजला हे यंत्र इतके मानवते, त्याची कारणे वरील इतिहासातच आहेत. सॉसेज शिजवलेले असल्यामुळे आच केवळ पिठासाठी लागते, आणि पिठाचा थर पातळ असल्यामुळे साधारण 160 ते 170 अंश सेल्सिअसवर तो आतपर्यंत भाजेतो बाहेरून तांबूस होतो. हा तांबूसपणा म्हणजे पिठातील प्रथिने आणि शर्करा यांची उष्णतेत होणारी प्रक्रिया होय. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचे वर्णन केल्यावरून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. पृष्ठभाग कोरडा झाल्याशिवाय ती वेग घेत नाही. म्हणूनच सॉसेज गुंडाळण्यापूर्वी पुसून कोरडे करणे आणि जाळीवर दोन तुकड्यांत बोटभर अंतर ठेवणे या सूचनांना खरा आधार आहे. तुकडे चिकटून ठेवले तर मधली वाफ अडकते आणि त्या बाजूचे पीठ कच्चट राहते.

मराठी वाचकाला मांस आणि पाव यांचे जवळचे नाते आठवते ते गोव्याच्या चोरीस-पावात. पोर्तुगीजांबरोबर आलेले चोरीस हे डुकराचे मांस सुक्या मिरच्या, लसूण आणि माडाच्या सुरेचे व्हिनेगर यांत मुरवून, आतड्यात भरून वाळवलेले असते आणि पोदेराच्या, म्हणजे गोव्यातील पाव भाजणाऱ्याच्या, पावाबरोबर खाल्ले जाते. परंतु चोरीस कच्चेच वाळवलेले व चरबीयुक्त असल्यामुळे ते आधी नीट शिजवावे लागते. न शिजवताच पिठात गुंडाळले तर पीठ भाजून होईल, मांस होणार नाही आणि सुटलेल्या चरबीने आवरण ओथंबेल. एअर फ्रायरच्या दहा मिनिटांत बसते ते कारखान्यात शिजवलेले सॉसेज, आणि महाराष्ट्रातील शहरांत गोठवलेले चिकन सॉसेज व एअर फ्रायर या दोन्ही वस्तू आता सहज मिळतात. नळकांड्यातले थंड पीठ मात्र तेथील दुकानांत सहसा दिसत नाही, त्यामुळे विलोबीने 1931 मध्ये अमेरिकी स्वयंपाकघरातून बाहेर काढलेले मैदा मळण्याचे आणि फुगू देण्याचे काम मराठी घरांत आजही हातानेच करावे लागते.