कोरा कागद आणि कॉलेजातली एकटी मुलगी



बारावीचे निकाल लागले, प्रवेश झाले. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या लेकी यंदा पहिल्या वर्षाला गेल्या. कुणी सकाळच्या एसटीनं जाऊन-येऊन करते, कुणी तालुक्याच्या गावी हॉस्टेलवर राहिली. पोरीला अजून आपला वर्ग कुठला आणि ग्रंथालय कुठं हेच नीट सापडलेलं नसतं, तोवर घरीदारी सगळे विचारायला लागतात, "पुढं काय होणार गं तू?" म्हणून आज कॉलेजात नव्यानं पाऊल ठेवलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वीची आहे, पण आपल्याच नाशिक-पुण्याकडची आहे.

तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, 15 नोव्हेंबर 1866 चा. वडील मूळचे पारशी, पुढं ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढल्या. घरात मुलीच मुली. बायका येऊन आईची कीव करायच्या, पण आईला त्याचं काही वाटत नसे. मुलींनाही विद्यापीठाचं शिक्षण मिळावं म्हणून वडिलांनी खटपट केली.

कॉर्नेलिया लहान होती तेव्हाची एक गोष्ट तिनं पुढं आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. आईकडे अडल्यानडल्या बायका यायच्या. एकदा एक गुजराती विधवा बाई रडत आली. बाई श्रीमंत होती, पण तिच्या विश्वासातल्या कारभाऱ्यानं गोड बोलून तिची कागदावर सही घेतली आणि त्या एका सहीनं सगळी मिळकत त्याच्या हातात गेली. बाई गेल्यावर आईनं लेकीला सांगितलं, की अशा बायकांना मदत करायची असेल तर मोठी झालीस की कायदा शीक. तेव्हा आपल्या देशात वकील म्हणून एकही बाई नव्हती. तरी आईनं लेकीला ती वाट दाखवली.

ही मुलगी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाली. कॉलेज तेव्हा येरवड्याला आलेलं होतं. टिळक आणि आगरकर तिथंच शिकून गेले होते. सगळी मुलं, आणि त्यांच्यात ही एकटी मुलगी. आजची पोर निदान दोन मैत्रिणींबरोबर बाकावर बसते. हिच्या शेजारी बसायला कुणी नव्हतं. ही वर्गात शिरू नये म्हणून मुलं तिच्या तोंडावर दार लावून घ्यायची. दार लावलं की उघडायचं, आत जाऊन बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. असं करत करत ती शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचली आणि पहिल्या वर्गात पास झाली. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर म्हणून आज तिचं नाव घेतात.

त्या परीक्षेत जो सगळ्यांत वर येईल त्याला इंग्लंडात शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. कॉर्नेलियाच्या सांगण्यानुसार ती शिष्यवृत्ती तिच्या हक्काची होती, पण ती बाई आहे म्हणून नाकारली गेली. मग 1888 साली तिनं अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. म्हणजे कालपर्यंत जिच्या तोंडावर मुलं दार लावत होती, ती आता मुलांच्याच वर्गाची मास्तरीण झाली.

तिथंच राहिली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. त्या काळात शिकलेल्या बाईसाठी दोन वाटा लोकांना पटायला लागल्या होत्या. एक शिक्षिकेची. दुसरी डॉक्टरची, कारण आनंदीबाई जोशी 1886 सालीच अमेरिकेतून डॉक्टर झाल्या होत्या. वकिलीची वाट नव्हतीच. पण कॉर्नेलियाच्या डोक्यातून ती रडणारी बाई गेली नव्हती.

मग पैशांचं काय झालं, तेही ऐका. इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी काढली. परिचारिकांच्या कामाला मान मिळवून देणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही त्यात पैसे घातले. आपल्या गटात आपण थोडं थोडं जमवतो आणि एकीच्या अडीला उभं राहतो, तसंच हे. त्या पैशांवर ती 1889 साली ऑक्सफर्डला गेली.

तिथं पुन्हा नवा देश, नवी थंडी, नवं कॉलेज. कायद्याच्या वर्गात पुन्हा अवतीभोवती पुरुषच. 1892 साली ती तिथली कायद्याची मोठी परीक्षा द्यायला बसली. त्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, कारण त्याआधी कुठल्याच बाईनं ती परीक्षा दिली नव्हती. तिला तिसरा वर्ग मिळाला. हे मी मुद्दाम सांगते. पुण्यात पहिली येणारी मुलगी ऑक्सफर्डात तिसऱ्या वर्गात पास झाली, तरी तिनं काम सोडलं नाही. आपली पोर पहिल्या सत्रात एखाद्या विषयात मागं पडली, तर हे लक्षात असू द्या.

परीक्षा झाली तरी पदवी हातात आली नाही, कारण ऑक्सफर्डमध्ये बायकांना पदव्या द्यायला 1920 साली सुरुवात झाली. कॉर्नेलियाबाई भारतात परतल्या. मुंबई विद्यापीठाची वकिलीची परीक्षा पास झाल्या, अलाहाबाद हायकोर्टाचीही परीक्षा पास झाल्या. तरी बाई म्हणून सनद मिळेना. या देशात बायकांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा 1923 साली आला. तेव्हा त्या पंचावन्न ओलांडून पुढं गेल्या होत्या.

मधली वर्षं त्या हात बांधून बसल्या नाहीत. बंगाल, बिहार, ओरिसा या भागांत मोठ्या घरच्या बायका पडद्यात असायच्या. परपुरुषासमोर यायचं नाही, मग वकिलाशी बोलणार कोण? जो मधला माणूस निरोप न्यायचा तोच फसवायचा. कॉर्नेलियाबाई बाई असल्यामुळं थेट आतल्या घरात जाऊ शकत होत्या. 1904 साली सरकारनं त्यांना याच कामावर नेमलं. वीसेक वर्षांत सहाशेहून जास्त बायका-मुलांच्या मिळकतीसाठी त्यांनी काम केलं असं सांगतात. त्यांची सगळी मतं आपल्याला पटणारी नाहीत. त्या इंग्रज सरकारच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. पण त्या बायकांच्या दाराशी जाऊन कागद वाचणारं तेव्हा दुसरं कोण होतं?

आता आपल्याकडं बघा. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. आणि होतं काय? बहीण माहेरी सणाला जाते, जेवणं होतात, मग हक्कसोडपत्र पुढं येतं. भावाचं मन कशाला मोडा म्हणून ती न वाचता सही करते. बँकेच्या कागदावर "बाई, इथं करा सही" म्हटलं की आपण करतो. त्या गुजराती बाईचा कागद अजून फिरतोच आहे.

म्हणून पहिल्या वर्षाच्या लेकीला "तू काय होणार" असं विचारायची घाई करू नका. हे वर्ष चार दारं उघडून बघायचं आहे. एनएसएसचं शिबिर, ग्रंथालय, खेळाचं मैदान, वेगळ्या गावच्या मैत्रिणी, हे सगळं तिला बघू द्या. तिला विचारायचंच असेल तर हे विचारा, की आपल्या दाराशी येणाऱ्या कुणाची अडचण तुला सोडवावीशी वाटते? एखादी म्हणेल, आजीचे डोळे. एखादी म्हणेल, बोअरचं आटलेलं पाणी. एखादी म्हणेल, आत्याचा सातबारा. तिचं काम कुठलं, हे त्या उत्तरातून हळूहळू कळेल. जिला कायद्याकडं जावंसं वाटेल तिला बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि कुठलीही पदवी झाल्यावर तीन वर्षांचा. म्हणजे आज कला शाखेत गेलेल्या पोरीचंही दार बंद झालेलं नाही.

आणि तोवर आपण काय करायचं? तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथं बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. पुढच्या मासिक बैठकीत एक गोष्ट करा. ज्या कागदांवर आपण सह्या केल्या आहेत, पण वाचलेले नाहीत, ते घेऊन या. कॉलेजात जाणारी एक पोर मधे बसवा आणि तिला ते मोठ्यानं वाचायला सांगा. वाचताना कुठं अडली, तर तिथं खूण करून ठेवा आणि तो कागद समितीकडं घेऊन जा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.