बर्नुलीचे समीकरण आणि आदेशाची मर्यादा

आम्ही मराठीचे अध्यापक. अवकल समीकरणांच्या वाटेला जाण्याचे आम्हांला तसे कारण नाही. परंतु 'आदेश' हा शब्द व्याकरणाच्या तासाला आमच्या तोंडी नित्य असतो. पाणिनीय परंपरेत ज्याच्या जागी दुसरे येते तो 'स्थानी' आणि जो येतो तो 'आदेश'. आदेश स्थानीचे धर्म सांभाळतो, पण काही मर्यादेतच. गणितातही एका चलाच्या जागी दुसरे ठेवण्याची रीत आहे आणि तिचा इतिहास वाङ्मयेतिहासाइतकाच मानवी आहे.

डिसेंबर १६९५ मध्ये बाझेलच्या याकोब बर्नुलीने लाइपझिगच्या 'आक्टा एरुडिटोरुम' या नियतकालिकात एक समीकरण विद्वानांपुढे ठेवले. त्यात 'य'च्या बदलाचा दर दोन पदांनी बनलेला होता: एकात 'य' साधा, दुसऱ्यात त्याचा कोणताही घात. या घातामुळे एकघाती समीकरणाची रीत तेथे चालत नव्हती. १६९६ मध्ये लायब्निट्सने वाट दाखवली. घात 'न' असेल, तर 'य'च्या (१ − न) या घातालाच नवे चल मानावे. वर्ग असेल, तर १/य. मग समीकरण एकघाती होते. १६९७ मध्ये याकोबचा धाकटा भाऊ योहान याने 'य' हा दोन नव्या चलांचा गुणाकार मानला. अज्ञाते दोन झाली खरी, पण त्यांतले एक सोयीने निवडण्याची मोकळीक मिळाली.

योहान गणित शिकला तो याकोबकडेच. पुढे दोघांचे वैर नियतकालिकांच्या पानांवर उघडे पडले. १७०५ मध्ये याकोब वारला आणि बाझेलचे त्याचे अध्यापकपद योहानकडे आले. समीकरणाला मात्र प्रश्न विचारणाऱ्याचे नाव राहिले; आदेश सुचवणाऱ्या लायब्निट्सचे नव्हे.

आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. वर्गाच्या समीकरणात 'य सर्वत्र शून्य' हेही एक खरे उत्तर असते. पण १/य या नव्या भाषेत शून्याला जागाच नाही. ते उत्तर मूळ समीकरणाकडे परत जाऊन आठवणीने जोडावे लागते.

कवितेच्या जागी तिचा भावार्थ ठेवून आम्ही वर्षानुवर्षे कविता 'सोडवत' आलो आहोत. आदेशाशिवाय अध्यापन होत नाही, हे मान्य. तास संपण्यापूर्वी मूळ संहितेकडे परत जाण्याची शिस्त मात्र आम्ही किती वेळा पाळतो?