रंगूनचा अपरिचित जंतु

मोठमोठ्या सांथींच्या हकीकती आपण पुष्कळदां वाचतों. परंतु क्वचित् आढळणाऱ्या रोगाची ओळख प्रथम कशी पटते, हें सांगणारे थोडे. रंगूनच्या जनरल हॉस्पिटलांत १९११ सालीं जें घडलें, तें ह्या दृष्टीनें मननीय आहे.

ब्रह्मदेश तेव्हां ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. ह्या रुग्णालयांत डॉ. आल्फ्रेड व्हिटमोर व त्यांचे सहायक कृष्णस्वामी हे मृतदेहांची तपासणी करीत असत. कांहीं प्रेतांच्या फुप्फुसांत, यकृतांत व प्लीहेंत त्यांना गळवें आढळलीं. मृतांपैकीं पुष्कळजण मॉर्फिया टोंचून घेणारे व्यसनी होते. पुवांतील जंतु घोड्यांच्या ग्लँडर्स रोगाच्या जंतूसारखा दिसे. गिनीपिगास टोंचला असतां परिणामही तसाच होई. 'माणसास जडलेला ग्लँडर्स' असा शेरा मारून हें प्रकरण मिटवितां आलें असतें.

त्या दोघांनीं मात्र साम्यापेक्षां भेदाकडे अधिक लक्ष दिलें. ग्लँडर्सचा जंतु अचल असतो. हा हालचाल करी, आणि प्रयोगशाळेंत अधिक वेगानें वाढे. रोग्यांचा घोड्यांशीं संबंधही दिसेना. तेव्हां हा आजवर अवर्णित असा रोग आहे, असें त्यांनीं १९१२ सालीं जाहीर केलें. १९२१ सालीं स्टँटन व फ्लेचर यांनीं त्यास 'मेलिऑइडोसिस' हें नांव दिलें. व्यवहारांत तो 'व्हिटमोरचा रोग' ह्या नांवानेंही प्रसिद्ध झाला. कृष्णस्वामींचें नांव मात्र मागें पडलें.

हा जंतु मातींत व सांचलेल्या पाण्यांत राहतो, आणि मधुमेही मनुष्यास त्याची बाधा विशेष होते. असें असूनही भारतांतील पहिल्या रोग्याचा वृत्तांत मुंबईहून प्रसिद्ध झाला तो १९९१ सालीं! फुप्फुसांतील विकार क्षयासारखा भासतो, आणि प्रयोगशाळेंत हा जंतु दुसऱ्याच सामान्य जातीचा समजला जाण्याचा संभव असतो. मनांत ज्याची शंकाच नाहीं, तें डोळ्यांपुढें असूनही दिसत नाहीं.

ह्या चुकीची किंमत रोग्यास द्यावी लागते. नेहमींचीं कित्येक जंतुनाशक औषधें ह्या रोगावर चालत नाहींत. थायलंडांत सेफ्टाझिडीम ह्या औषधानें गंभीर रोग्यांतील मृत्यूंचें प्रमाण निम्म्यावर आल्याचें १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु तें वेळेवर मिळावयाचें, तर आधीं कोणास तरी रंगूनच्या त्या दोघांप्रमाणें सोयीचें नांव बाजूस सारून जंतूकडे पुन्हां एकवार पाहावें लागतें.