पाऊणपटीचा हिशेब आणि स्फटिकाचा ठोका

वरळी कोळीवाड्यात किल्ल्यापाशी उभे राहिले, की माहीमच्या उपसागरात नांगरलेल्या होड्या दिसतात. होडी केव्हा काढायची हे येथे भिंतीवरच्या घड्याळापेक्षा पाणी ठरवते. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ.

हा हिशेब कितपत बरोबर? भरतीची वेळ चंद्रामागे सरकते. तीस तिथींत ती २४ तास पुढे जाते, म्हणजे सरासरीने एका तिथीला ४८ मिनिटे. पाऊणपटीत आपण ४५च धरतो. चूक तिथीमागे ३ मिनिटांची. पौर्णिमेपर्यंत ती साचून ४५ मिनिटे होते. पण प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि साचलेली चूक पुसली जाते. म्हणून घड्याळ कोणतेही असो, आम्ही दोन प्रश्न विचारतो : चूक किती, आणि ती किती काळ साचणार?

समुद्रावर महिनोन् महिने राहणाऱ्या जहाजाला दुसरा प्रश्न फार महाग पडे. रेखांश वेळेवरून काढत. घड्याळ ४ सेकंद चुकले, तर मुंबईच्या अक्षांशावर जहाजाची जागा सुमारे पावणेदोन किलोमीटर चुकते. १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा झाली, ती जहाजांना बरोबर वेळ मिळावी यासाठीही. पुढे १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती आणि महापालिकेने ती १९५५पर्यंत सोडली नाही.

दरम्यान लंबकाला प्रतिस्पर्धी मिळाला होता. क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर वीज निर्माण होते, हे पिएर व झाक क्यूरी या भावांनी १८८०मध्ये दाखवले. उलट, वीज दिली की तो कंप पावतो. १९२७ साली बेल प्रयोगशाळेत मॅरिसन यांनी या कंपनांवर घड्याळ चालवले.

१९८० साली इंटेलचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आला. त्याचाही ठोका स्फटिकच देतो. १२ ठोक्यांचे एक यंत्रचक्र. तेव्हा १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक लावला की चक्र बरोबर एक मायक्रोसेकंदाचे. मग दुकानात ११.०५९२ असा विचित्र आकडा का मिळतो?

संगणकाशी बोलताना सेकंदाला ९६०० बिट पाठवायचे असतात. १,१०,५९,२०० ला १२, ३२ आणि ३ ने भागा : नेमके ९६००. १२ मेगाहर्ट्झला तसेच भागले तर १०,४१६ येतात. चूक साडेआठ टक्के. एका अक्षराला दहा बिट लागतात आणि प्रत्येक बिट मध्यावर वाचला जातो. शेवटच्या बिटापाशी, साडेनऊ बिटांनंतर, ही चूक साचून ०.८ बिट होते. मर्यादा अर्ध्या बिटाची; अक्षर बिघडते. पुढच्या अक्षराच्या आरंभबिटाला मोजणी पुन्हा सुरू होते, प्रतिपदेसारखीच!

म्हणूनच अर्ध्या टक्क्याने चुकणारा स्वस्त सिरॅमिक रेझोनेटर या कामाला चालतो. पण त्यावर घड्याळ केले तर ते दिवसाला ७ मिनिटे चुकेल. दहा लाखांत २० इतकी चूक असलेला स्फटिक दिवसाला पावणेदोन सेकंदच चुकतो.

जोडणी सोपी आहे. स्फटिक ठोक्यासाठीच्या दोन पायांमध्ये जोडावा. प्रत्येक पायापासून जमिनीला सुमारे ३० पिकोफॅरडचा एकेक संधारित्र लावावा. तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात, कारण लांब तारेची स्वतःची धारिताही हिशेबात शिरते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. पंधरा दिवस पाऊणपटीची वेळ आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकातली भरतीची वेळ शेजारी लिहावी. रोजचा फरक सारखा वाढत नाही, असे मुलांच्या लक्षात येईल. का, हे त्यांनाच शोधू द्यावे. सूर्यही पाणी ओढतो, एवढीच खूण पुरे.